दोन जुने स्लॉट

(बुधवार पेठेतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर उघडलेला कॉम्प्युटर. दुकानदार मच्छिंद्र, समोर दीपमाला उभी, तिच्या सासूबाई यमुनाबाई स्टुलावर.)

मच्छिंद्र : मी डॉक्टर असतो ना ताई, तर हात जोडून बाहेर आलो असतो. मदरबोर्ड गेला. हे कपॅसिटर बघा, पुरीसारखे फुगलेत.

दीपमाला : मग दुसरा टाका. फक्त ही दोन कार्डं त्यात बसली पाहिजेत. एक रेकॉर्डिंगचं, एक जुन्या कॅसेटी उतरवून घ्यायचं.

मच्छिंद्र : तिथंच तर गोची आहे. नव्या बोर्डाला असे स्लॉट येतच नाहीत. हा घ्या, तीन वर्षं वॉरंटी, डोळे झाकून न्या. कार्डं मात्र भंगारात.

यमुनाबाई : भंगारात काहून? माह्या लेकराचे हायेत ते.

दीपमाला : समाधानची. माझा नवरा. घरी भीमगीतं रेकॉर्ड करायचा. मागच्या उन्हाळ्यात गेला. हार्ट अटॅक.

मच्छिंद्र : अरेरे. भंगार म्हणायला नको होतं मी. एक बोर्ड आहे माझ्याकडे, दोन जुने स्लॉट असलेला. पण वापरलेला. आज चालेल, उद्या रुसून बसेल. तुम्हाला रोज लागतो का हा कॉम्प्युटर?

दीपमाला : लागत नाही. पण परवा बंद पडेपर्यंत दिवेलागणीला चालू होत होता रोज.

मच्छिंद्र : होत होता म्हणजे? कोण करायचं?

दीपमाला : आपोआप व्हायचा. समाधान कंपनीतून यायचा ना, त्याच वेळी. बूटसुद्धा काढायचा नाही, आधी हे बटण दाबायचा.

यमुनाबाई : भाऊ, आम्ही आत्मा मानत नाई. भूतखेत काईच नाई. आधीच सांगून ठेवते.

मच्छिंद्र : मानूही नका, मावशी. बोर्डात टाइम लावून ठेवता येतो. त्या वेळी मशीन आपलं आपण उठतं. त्यांनीच लावला असणार.

दीपमाला : असेल तसंच.

मच्छिंद्र : थांबा, दाखवतो. हा नाण्याएवढा सेल आहे ना, टाइम याच्या जिवावर टिकतो. एक मिनिट, मीटर लावतो... अं. हा तर पार मेलाय. रात्री भिंतीवरचं बटण बंद करता?

दीपमाला : रोज. सकाळी परत लावते, वायफाय त्याच प्लगवर आहे.

मच्छिंद्र : मग सगळं रात्रीच पुसलं जाणार. सकाळी याला किती वाजले हेही ठाऊक नसणार. टाइम कसला पाळतोय! घरातलंच कुणीतरी बटण दाबतंय.

दीपमाला : आई, आता बोलूनच टाकते. मघाशी आपोआप म्हटलं ते तुम्ही समोर आहात म्हणून. मला पहिल्यापासून माहीत आहे, तुम्हीच लावता.

यमुनाबाई : मी? अवं, मी तं समजत होती तूच लावतेस! म्हनलं, पोरीले तेवढाच आधार. म्हनून तं त्या टायमाले मी मुद्दाम सैपाकघरात जाऊन बसते.

दीपमाला : आणि मी गॅलरीत जाते. म्हटलं, आईंना रडायचं असेल तर रडू देत.

यमुनाबाई : मंग खोलीत कोन असते?

मच्छिंद्र : हे बघा, मशीन म्हातारं झालंय. कपॅसिटर फुगले की कधीकधी आपोआपही चालू होतं.

दीपमाला : रोज? दिवेलागणीलाच?

मच्छिंद्र : नाही. तसं नाही होत.

दीपमाला : आई, मला भीती वाटतेय. नवाच घेऊया. भरवशाचा.

मच्छिंद्र : मीही तेच सांगेन. घरात शांतता राहील.

यमुनाबाई : शांतता लय झाली घरात. तो बिनभरवशाचाच दे, भाऊ. त्याची कार्डं बसतीन असा.

दीपमाला : आपण हे सगळं मानत नाही ना, आई?

यमुनाबाई : नाईच मानत. पन त्याचं सामान फेकाले हात धजत नाई माहा.

मच्छिंद्र : बरं, तोच बसवतो. सेलही नवा टाकतो. आणि दिवेलागणीचा टाइम लावून देतो, म्हणजे मागे कोडं नको.

यमुनाबाई : सेल टाक. टाइम नको लावू.

दीपमाला : का, आई?

यमुनाबाई : पाहू.