खारूताईच्या डोक्यातला फुगा

नाही, मला एक सांगा, नऊ वर्षांची पोर, एक पापणी अशी अर्धी खाली लोंबतेय, डोकं धरून ओकतेय, आणि हा डॉक्टर म्हणतो कसा, 'आजोबा, मोबाईल कमी द्या!' अहो, घरात मला मिळत नाही मोबाईल, तिला कुठून देऊ? ही माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून खारूताई म्हणतो आम्ही. ती गुपचूप भिंतीला टेकून बसलीय, यावरून कळू नये माणसाला? मी भीत भीत विचारलं, 'मेंदूत काही नसेल ना?' तर हसला! 'छे छे, लहान मुलांना असलं काही होत नसतं.'

मग डोळ्यांचा डॉक्टर. त्यानं चष्मा दिला. पोटाच्या डॉक्टरानं जंतांचं औषध दिलं. तुम्हाला सांगतो, ज्याला जो अवयव येतो तोच तो तपासतो! मेंदूचं नाव काढलं की सगळे एका सुरात, 'लहान मुलांना असलं काही होत नसतं!' पाठ करून घेतलंय जणू...

शेवटी पोर शाळेत कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात धावलो. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी बघितली आणि त्या हसल्या नाहीत. तिथंच मी घाबरलो. लगेच स्कॅन, मग शिरेत औषध सोडून पुन्हा फोटो. 'मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. थोडा झिरपलाय. फुटला तर...' माझा मुलगा म्हणाला, 'पण लहान मुलांना असलं काही...' 'होतं,' बाई म्हणाल्या. 'क्वचित, पण होतं.'

आणि उपाय काय? मांडीतून नळी घालणार! म्हटलं, बाई, दुखतंय डोकं! तर म्हणे रस्ता तिथूनच आहे, वर जायचं आणि केसासारखी तार गुंडाळून फुगा भरून टाकायचा. दाराबाहेर मी देवाशी भांडलो, सुनेशी भांडलो, कोणी उरलं नाही तेव्हा पंख्याशी भांडलो. वाचली हो पोर! ढसाढसा रडलो, लाज कसली त्यात?

आता पुढचं ऐका. परवा तपासणीला गेलो, तर हिला बसवलं परीक्षेला! म्हणजे होऊ घातलेल्या डॉक्टरांच्या परीक्षेला, पेशंट म्हणून. एकेक घामाघूम पोरगा येतो, गुडघे ठोकतो, जीभ बघतो, 'मायग्रेन?' म्हणतो. दुसरा म्हणतो, 'अपचन?' अपचन! परीक्षक नाक उडवतो. हिला आली दया. पुढचा पोरगा टॉर्च घेऊन वाकला की ही त्याच्या कानात, 'मेंदूत फुगा. तार भरलीय.' तिथून पुढचे सगळे पास! परीक्षक खूश, 'वा, हुशार आहेत पोरं!'

मी म्हटलं, 'अगं, काय केलंस हे?' तर म्हणते, 'आजोबा, रडकुंडीला आले होते बिचारे.'

बिचारे! उद्या माझ्या छातीत कळ आली की हेच बिचारे येणार टॉर्च घेऊन. मी पडलेलो बेशुद्ध. त्यांच्या कानात सांगायचं कुणी? ...काय करता! हिलाच बजावून ठेवलंय, मी आडवा झालो की शाळेतून तडक हॉस्पिटलात यायचं.