कपड्यांच्या स्टँडमागची अँटेना

मला हे सांगायचं नव्हतं, शोभनाकाकू — खरंच नव्हतं. पण आत्ता लिफ्टमध्ये तुम्ही आईला म्हणालात ना, कोणीतरी आमचं वायफाय वापरतंय, आज पासवर्डच बदलते — ते कोणीतरी म्हणजे मी. नाही, आत नाही येत, दार उघडं ठेवून आलेय, आईला वाटतंय तुमचा डबा परत द्यायला गेले. पासवर्ड? तुम्हीच दिलात की! गणपतीत, आरती झाल्यावर, पाहुण्यांना ओरडून सांगत होतात — उकडीचेमोदक, इंग्लिशमध्ये, सगळं जोडून, 'चे'ला एकच ई. अख्ख्या हॉलनं ऐकलं.

आमचं नेट आहे हो, पण राउटर बाबांच्या खोलीत, कुलपात. माझा फोनही तिथेच. अस्मीताईनं तिकडे भारतात, नाशिकला, तिच्या मनानं लग्न केलं ना, तेव्हापासून. बाबा म्हणाले, खलास, या घरातून तिला एक मेसेज जाणार नाही. मग काय — शाळेची बस, घर, बस, घर. उरला ताईचा जुना कॉम्प्युटर, तो बंद पडलाय असं बाबांना वाटतं. त्यात वायफायचं कार्ड आहे, पण पत्र्याच्या डब्यात कोंडलेलं, त्याला भिंतीपलीकडचं तुमचं नेटवर्कसुद्धा दिसेना. म्हणून खाली कोणी टाकलेल्या राउटरची अँटेना काढली, वायरसकट. कार्डावर मुगाच्या डाळीएवढी दोन टोकं असतात, वायर त्यावर दाबून बसवायची — आठवडाभर मी चुकीच्याच टोकावर बसवत होते, वेडी! मग दुसऱ्यावर टक् झालं. वायर मागच्या फटीतून बाहेर, अँटेना कपड्यांच्या स्टँडमागे, बाबांच्या बनियनांच्या आड.

पण ताई मला नाही लिहीत, काकू. म्हणजे — तिला वाटतं, आई लिहितेय. पहिल्या दिवशी मी माझ्याच नावानं लिहिलं, तर तिनं विचारलं, आई काही बोलते का गं माझ्याबद्दल? आई तर नावही घेत नाही. काय लिहिणार होते मी? आईच्या नावानं नवा ईमेल उघडला. बाळा जेवलीस का, जपून राहा — आई लिहिते तसंच, शेवटी तीन टिंबं. इथे परदेशात नेटवरून कॉल कुठे धड लागतात, बंदीच आहे, त्यामुळे आवाज ऐकायचा प्रश्नच नाही. चुकीचं आहे, माहितीये मला! पण ताईला पाचवा महिना लागलाय, गेल्या आठवड्यात फार रडत होती, म्हणून मी लिहिलं — ये तू, बाबांचं मी बघते. लिहायला काय जातं! तिनं तिकीट काढलं, काकू. व्हिसाही आला. शनिवारी उतरतेय, आणि शनिवारी सुट्टी, दार बाबाच उघडतात.

आज खरं सांगणार होते तिला. सकाळपासून दहा वेळा टाइप केलं, दहा वेळा पुसलं. फक्त आजचा दिवस पासवर्ड — आले गं आई! डबाच देतेय! — नाहीतर तुम्हीच लिहा ना तिला, तुमचं ऐकेल ती, लिहा की येऊ नकोस, लिहा की आईनं — हो, आले म्हटलं ना! — की आईनं तुला कधीच काही लिहि—