एकेचाळीस टक्के

हं, जमिनीत ठोकलेल्या या खुंटीपाशीच उभ्या राहा, मॅडम — आरसा छातीशी नाही, जरा पुढे, कोपर वाकवून, अस्सा — आणि वर बघायचंच नाही! गंमत तीच आहे, जंगलाचं छत मोजायचं ते मान खाली घालून. काचेवर चोवीस चौकोन कोरलेत ना? एकेकात चार ठिपके आहेत असं समजायचं, म्हणजे शहाण्णव, आणि किती ठिपक्यांवर पानं दिसतात ते मोजायचं. चार दिशांना तोंड करून चारदा. सरासरी काढून टक्के केले की झालं. एवढ्यावर मी मोजणीदार म्हणून एकवीस वर्षं पगार घेतला — बायको म्हणते, नटायचं नाही नि सजायचं नाही, मग रोज आरसा कशाला हो? सांगा आता तिला! असो, सोमवारपासून मी घरी आणि आरसा तुमचा.

चाळीसच्या वर आलं तर जंगल दाट, खाली आलं तर विरळ. आणि विरळ ठरलं की — काय होणार? यंत्र येतं, सगळं भुईसपाट, मग एकाच जातीची रोपं, कवायतीला उभी केल्यासारखी. हा तुकडा बचावला. आठ वर्षं एकेचाळीस. काय? दरवर्षी तेवढंच कसं? हुशार आहात! अहो, ही टोपी. उन्हानं डोकं दुखायचं म्हणून बायकोनं घेतली, हा एवढा काठ, सवय नव्हती — तर पहिल्या वर्षी ती आरशाच्या कोपऱ्यात आली आणि मी पानांत धरली. नकळत हं, शप्पथ! पुढल्या साली काढून मोजलं, तर सदतीस. मग? मग घातली पुन्हा. चार टक्के जंगल माझ्या डोक्यावर! हसा, हसा.

पण उगाच नाही केलं. ती खालची रोपं बघितलीत? आपोआप उगवलीत, दोनशे बारा, खांद्याला लागली माझ्या. एकेकाला वेलीच्या तावडीतून सोडवलंय — घरची कुंडी वाळली तरी बघत नाही, असं बायकोकडून ऐकून घेतलंय. अजून तीन-चार वर्षं, की वरची सगळी भोकं हीच बुजवतील. तेवढी वेळ मारून नेत होतो, दुसरं काय? जीव आहे माझा त्यांच्यात.

बरं, किती आलं? सदतीस. हं. तेवढंच येणार. — अहो, हे काय? आरसा जवळ का ओढलात? डोकं मध्ये येतंय तुमचं. — माझ्यासाठी एकेचाळीस करताय? नको, नको! पहिला दिवस, पहिला कागद — आणि शिकवलं कोणी, तर मी. आठ वर्षं वाटली नाही ती लाज आत्ता वाटतेय हो. लिहा सदतीस. पेनानं. आणि खाली शेरा म्हणून जागा आहे ना, जिथे मी दरवर्षी ‘काही नाही’ लिहीत आलो — तिथे लिहा, दोनशे बारा रोपं, खांद्याएवढी. सुचलंच नाही मला कधी. खोट्याची सोय झाली की खरं सुचत नाही माणसाला. वाचतील का कचेरीतले? कोण जाणे. मी सोमवारी नसेन, तुम्ही असाल, तुम्ही वाचायला लावा.

जा आता, पुढली खुंटी त्या वळणापाशी आहे. नाही, मी नाही येत, या रोपांपाशी थांबतो जरा. जा म्हटलं ना.