जळाईचे निर्माल्य

सज्जनहो, देवाला अर्पण करणे ही भक्ती, याविषयी दुमत नाही. परंतु अर्पण केलेले पुन्हा उचलणे — ही भक्ती म्हणावी, की अपराध? शांत चित्ताने ऐका.

आंबेतळ गावाला एकच तलाव. काठावर जळाई देवी. दर पौर्णिमेला घरोघरचे दूध अन् दहीभात तलावात सोडावा, ही तिथली रीत. एका उन्हाळ्यात पाणी हिरवेगार झाले, दुर्गंधी सुटली. "आई रुसली!" लोक म्हणाले. मग काय? दूध दुप्पट! आणि मंडळी, जेवत कोण होते? आई? छे! शेवाळ जेवत होते — पोटभर!

सगुणाबाईच्या दोन म्हशी. त्यांतली एक ते पाणी प्यायली आणि गेली. पाणी तपासायला आलेल्या मृणालताईंपुढे सगुणा रडली, "दुसरीसाठी लांबच्या विहिरीवरनं पाणी वाहते, ताई. कंबर मोडली. आता विकायचीच राहिली!"

ताई म्हणाल्या, "दूध-दहीभात थांबवा. बांबूचे तराफे करून त्यांवर वाळा नि कर्दळ लावा. मुळं पाण्यात लोंबतील, शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतील."

गावाने आईच्या नावाने रोपे लावली. कर्दळ पुरुषभर वाढली, लाल फुलली. पाणी निवळू लागले. तोच ताई म्हणाल्या, "आता कापा. इथंच कुजली, तर खाल्लेलं सगळं पाण्यात परत जाईल."

झाले! गाव खवळले. "आईच्या रोपाला विळा? डोकं ठिकाणावर आहे का?"

सगुणा विळा घेऊन उठली. "मी कापते. पाप लागलं तर मला लागू दे!"

"सगुणे, ठेव तो खाली!" लोक ओरडले.

तेव्हा त्रिंबकबुवा गुरव उभे राहिले — आजवर सर्वांत जास्त दूध ओतणारे हेच बरे का! म्हणाले, "पहाटे आईच्या गळ्यातले कालचे हार मी काय करतो रे?"

"उतरवता, बुवा."

"न उतरवता आजची पूजा मांडली तर?"

बुवा तलावाकडे वळले.

"मग तलावाच्या अंगावरचं निर्माल्य कोण उतरवणार?" धोतर खोचून म्हातारा पाण्यात उतरला. "आण गं सगुणे तो विळा!"

कापलेली कर्दळ आंब्यांच्या बुंध्याशी खत म्हणून गेली. दर हंगामात गाव रोपे कापू लागले. पुढे ताईंनी पाणी तपासून होकार दिला, त्या दिवशी सगुणेची म्हैस तलावावर प्यायली. तिने मान वर करीपर्यंत सगुणा हात जोडून उभी होती. मग एवढेच म्हणाली, "आई, आता पोचलं गं तुला."

मंडळी, वाहायला आपले हात चटकन पुढे होतात. उचलायला? उद्या आपल्या तळ्याकाठी जाल, तेव्हा हे स्वतःला विचारा.

सगुणेचा गोठा भरलेला राहो. बुवांच्या, ताईंच्या हातांना बळ मिळो. आणि त्या मुळांना — जी न बोलता पाणी धूत राहिली — जळाई सदा ओलावा देवो.