लागेल तेव्हा आणू

...आणि वर ऑफिसात मलाच विचारतात, ‘सजी, तू आधी तपासलं नव्हतंस का?’ मी! तुम्हाला सांगतो, त्या प्रोग्रॅमवर मी महिनोन्महिने घासलीय. नीट चालत होता बिचारा. फक्त सुरू व्हायला जरा वेळ घ्यायचा, कारण सगळे मोड्यूल, म्हणजे कामाचे सुटे भाग, आधी गोळा करून मगच उभा राहायचा. शहाण्या माणसासारखा. पण आमचे टीम लीड रेनी सर! कोचीच्या एसीत बसून आमच्या केरळातल्या कुट्टनाडच्या पाण्याचा कारभार बघणारे. ‘अरे सजी, इतका वेळ? शर्यतीचे पाहुणे बघत असणार... सगळं आधीच कशाला ओढून आणायचं? ऑफिसच्या सर्व्हरवर राहू दे. लागेल तेव्हा आणू.’

लागेल तेव्हा आणू! याला आमच्या धंद्यात ‘लेझी लोडिंग’ म्हणतात. नावातच आळस, आणि तरी मिरवतात हो... तहान लागली की विहीर खणायची, आणि मीटिंगमध्ये सांगायचं, बघा, खणायचे कष्ट वाचवले.

काम काय? आमच्याकडच्या होड्यांची शर्यत. शंभर-शंभर वल्हेकरी एकेका होडीत. पहिली कोण, ते प्रोग्रॅमनं सांगायचं. दोन होड्या बरोबरीनं आल्याच, तर कॅमेऱ्याचे फोटो उघडून, मोजून, कुणाचं टोक पुढे ते ठरवणारा एक भाग मी मुद्दाम लिहिला होता. रेनी सर हसले. ‘बरोबरीनं? कधी येतात का रे? तो तर मुळीच नको आधी. लागेल तेव्हा आणू.’ मी म्हटलं, सर, धक्क्यावर नेटवर्क नसलं तर? तर म्हणे, ‘मग एरर दिसेल ना! रडतोस काय?’

शर्यतीच्या दिवशी मी धक्क्यावर, लॅपटॉप घेऊन. प्रोग्रॅम चुटकीसरशी उघडला. फोनवर सर खूश, ‘बघितलंस?’ बघितलं की! शेवटच्या फेरीत एकीकडे कावुंकरा गावची होडी, दुसरीकडे चेम्पाडीची. चेम्पाडी म्हणजे माझं गाव हो! सुकाणूवर आमचे अच्छन, माझे वडील. साठी उलटलेली, ‘यंदा शेवटचं’ म्हणून साऱ्या गावाला सांगून बसलेले, आणि उभ्या जन्मात आमच्या गावाला शर्यतीचा कप शिवलेला नाही...

आणि दोन्ही टोकं एकदम आली.

दोन्ही काठांवर अख्खा तालुका फोन वर करून व्हिडिओ पाठवतोय. नेटवर्क कुठलं? माझा प्रोग्रॅम निघाला आपला सर्व्हरकडे तो भाग आणायला... पडद्यावर चाक फिरतंय, फिरतंय. म्हटलं, निदान एरर तरी दाखव मेल्या. पण एरर दाखवणारा भागसुद्धा सरांनी तिकडेच ठेवलेला! म्हणजे ‘मी अडकलोय’ हे सांगायलाही त्याला कोचीहून तोंड आणायचं होतं. मागून पंच, ‘अहो इंजिनीअर, काहीतरी बोला.’ काय बोलू? लागेल तेव्हा आणू?

लोक खवळले, वल्ही उगारली गेली, तेव्हा पंचांनी चिठ्ठ्या टाकल्या. निघाली कावुंकरा. कप त्यांच्या होडीत, वाजत गाजत गेला. अच्छन सुकाणू धरून तसेच बसलेले.

मग गर्दी पांगली, फोन घरी गेले, नेटवर्क आलं, आणि आमच्या आळशी महाराजांनी मोठ्ठ्या अक्षरांत सांगितलं: चेम्पाडी, वीतभर पुढे. धावत गेलो. पंच म्हणाले, ‘निर्णय अंतिम.’ आणि आमचे सर काय म्हणाले असतील? ‘चाललं की नाही शेवटी? लागलं तेव्हा आणलं!’ अशा माणसाला प्रमोशन मिळतं हो. मिळालं.

परवा ओणमसाठी घरी फोन केला. म्हटलं, अच्छन, निघतोय, जेवायला पोचतो. शांतपणे म्हणाले, ‘राहू दे, बाळा. पानं मांडून झालीत. तू लागलास, तर बोलावू.’