सासऱ्यांचं घड्याळ आणि बारा दुकानं

...बायको म्हणते, जुना बाजार बघून येऊ, आणि वर म्हणते, चालतच जाऊ! अहो, जुन्या वस्तूंची गल्ली ती, ओळीनं बारा दुकानं, फरशा उखडलेल्या, माझा गुडघा हा असा... पण गुडघ्याचं सोडा, तुम्हाला सांगतो, मला भीती होती घड्याळाची. कुठल्या? सासऱ्यांच्या! लंबकाचं, भिंतीवरचं. ठोके द्यायच्या आधी ते खाकरायचं हो... घर्रर्र... अगदी सासरे 'जावईबापू, नोकरीचं काय झालं?' विचारायच्या आधी खाकरायचे तसं! माणूस जाऊन सहा वर्षं झाली, खाकरणं चालूच. मग काय, ही बहिणीकडे गेली होती तेव्हा मी ते या गल्लीतल्या शेवटच्या दुकानात विकून आलो आणि हिला सांगितलं, बंद पडलं, दुरुस्तीला दिलंय. त्याला झाले चार महिने. वडिलांची तेवढीच एक वस्तू होती तिच्याकडे. पण हे मला तेव्हा सुचायला नको?

पहिल्याच दुकानात भिंतभर घड्याळं. ही एकेकासमोर थांबते, चष्मा पुसते, म्हणते, हे आपल्यासारखंच वाटतंय, नाही? मी म्हटलं, छे, आपलं केवढं मोठं होतं. तर वळून म्हणते, "होतं?"

"आहे गं, आहे!"

दुसऱ्या दुकानात पितळी दिवे, जरा बरं वाटलं. तिसऱ्यात पुन्हा घड्याळं. मी चहाचं नाव काढलं, गुडघ्याचं काढलं, आभाळ भरून आलंय म्हटलं, आणि वर बघतो तर लख्ख ऊन! ही आपली सावकाश, आरशात बघ, पेटाऱ्याची कडी वाजव, दुकानदाराच्या सुनेची चौकशी कर... अकरा दुकानं, दोन तास! घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

बारावं आलं. दुकानदार कपाळावर चष्मा चढवून बसलेला. मी हिच्या मागून डोळे मिचकावतोय, हात जोडतोय, मानेनं नाही नाही म्हणतोय, आणि तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही. उठला आणि हिला म्हणाला, "या ताई, पंधरा दिवस झाले बांधून ठेवलंय. हेच का ते?"

"हेच ते," ही म्हणाली. घड्याळाकडे न बघता, माझ्याकडे बघून!

म्हणजे बाईसाहेब घड्याळ शोधत आधीच इथं येऊन, ते परत विकत घेऊन इथंच ठेवून गेलेल्या! मी कसंबसं विचारलं, मग सरळ इथंच का नाही आणलंस, बारा दुकानं कशाला फिरवलीस? तर म्हणाली, "मी चार महिने वाट बघितली. तुम्ही दोन तास घाबरलात तर काय बिघडलं?" आवाज जरा कापला हो तिचा. मला खरंच लाज वाटली. गुपचूप घड्याळ छातीशी धरलं आणि निघालो, चालतच. अर्ध्या वाटेत ते माझ्या कानाशी खाकरलं.

आता माझ्या खुर्चीच्या बरोबर वर टांगलंय, जागा हिनंच निवडली. दर तासाला घर्रर्र होतं, आणि मी हातातला चहा खाली ठेवून उभा राहतो अन् म्हणतो, "हो, बाबा."