लविनियाचा घोगरा आवाज

रोममधल्या पुस्तकाच्या दुकानात जुन्या सिनेमांतली नटी लविनिया तोरेझी आपल्या आठवणींच्या पुस्तकावर सह्या देत होती. रांगेत नेव्हिओच्या पुढे एकमेकींच्या शेजारणी असलेल्या दोघी उभ्या होत्या, आणि त्याचे कान त्यांच्याकडेच होते.

"नट्यांना पुस्तकं दुसरंच कुणीतरी लिहून देतं, फोस्का."

"हे तिनंच लिहिलंय. आई गेली तेव्हा काय केलं, वाचलंस? आईनं शेगडीवर ठेवलेला रस्सा ढवळत बसली, खाली लागू नये म्हणून."

"हं. असलं भाड्यानं नाही मिळत. पण सिनेमात काय बोलायची गं. तो घोगरा आवाज आला की आमच्या ह्यांचा घास तोंडापर्यंत पोचायचा नाही."

"तो तिचा नव्हता. तेव्हा संवाद मागाहून स्टुडिओत भरायचे. तिचं बोलणं नेपल्सच्या गल्लीतलं, म्हणून दुसरीकडून बोलून घ्यायचे."

"मग तो आवाज कुणाचा?"

"माझा."

"अन् इतकी वर्षं माझ्या कानात नाही शिरलं? जा, सांग की तिला."

"नको. बिचारीचा सगळा जन्म माझ्या आवाजात गेला. आता कुठे स्वतःच्या आवाजात बोलतेय, आणि काय सुंदर बोलतेय."

त्यांची पाळी आली.

"नाव काय लिहू?" लविनियानं मान वर न करताच विचारलं.

फोस्का शेजारणीला कोपरानं ढोसत तिच्या कानात कुजबुजली, "तू सांग. मी तोंड उघडलं तर ओळखेल."